शनिवारी लावलेला सूर

“आधी वाद्याची ओळख करून द्यायची, मग स्वतःची,” मुळे साहेब मला म्हणाले. “आणि वाद्याची एक तरी खोड सांगायची. खोड नसलेली गिटार इथं अजून कोणी आणलेली नाही.”

सावेडीतल्या एका शिकवणीच्या वर्गात आम्ही बसलो होतो. रविवारी शिकवणी बंद असे, म्हणून गिटार वाजवणारी ही मंडळी बाक भिंतीला सारून मधे खुर्च्यांचा गोल करत. फळ्यावर कोणीतरी अर्धवट सोडलेलं गणित होतं. मी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे न पुसलेला फळा दिसला की माझे हात शिवशिवतात. पण त्या संध्याकाळी माझ्या मांडीवर गिटार होती आणि दोन्ही हात तिच्यावर होते. ही गोष्ट नगरची आणि तिला आता बरीच वर्षं झाली.

मला तिथं आणलं नसीमनं. नसीम शेख माझी जुनी विद्यार्थिनी. तेव्हा ती पोस्टात काउंटरवर बसायची आणि मला पाहिलं की रांग सोडून उभी राहायची. एकदा बोलता बोलता मी म्हणाले की घरात ह्यांची गिटार आहे, तर तिनं स्टॅम्प मारायचं थांबवून विचारलं, “आणि वाजवतं कोण?” कोणी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला की जणू मी घरातल्या माणसाला उपाशी ठेवलंय. पुण्याहून आमची करुणाही फोनवर तेच म्हणायची. आई, तू वाजवणार नसशील तर कोणाला तरी देऊन टाक. देऊन टाक म्हणे. मी तिला काही बोलले नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात नसीमला सांगितलं की मी येते, मला शिकायचंय.

ती गिटार कोणाला का देता येत नव्हती, हे सांगायला हवं. आमचे हे, थिओफिल भिंगारदिवे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. दर शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून ते दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी गिटारचा सूर लावायचे. एका शनिवारी त्यांनी असाच सूर लावला, गिटार कोपऱ्यात उभी केली, जेवले, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. त्यानंतर त्या गिटारच्या खुंट्यांना मी कोणाला हात लावू दिला नाही. करुणालाही नाही. रोज सकाळी फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसायची आणि सगळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवायचा, एवढंच मी करायचे. तो आवाज आला की माझा दिवस सुरू व्हायचा. ह्यांचं बोलणं कुठं टेप केलेलं नव्हतं. फोटोंत तर हे हमखास डोळे मिटलेले. ह्यांच्या हातचं जसंच्या तसं उरलेलं असं घरात एकच काही होतं, आणि ते म्हणजे त्या शनिवारी लावलेला तो सूर.

तर तो सूर तसाच ठेवून मला वाजवायला शिकायचं होतं. हे होण्यासारखं आहे की नाही, याचा मी विचारच केला नव्हता.

ओळखी सुरू झाल्या. मुळे साहेब वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर, ह्या गिटार मंडळाचे सर्वेसर्वा तेच. त्यांची गिटार एवढी मोठी होती की तिच्यामागं ते दारामागं लपल्यासारखे दिसायचे. तिची खोड म्हणजे थंडी पडली की तिसरी तार फुरफुरते, आणि मग ते तिला रात्री मफलर गुंडाळून ठेवतात. हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. नसीमची नायलॉनच्या तारांची. तिच्या पाठीला एक लांब चीर होती. ती सासूबाई अंधारात पलंगावर बसल्या तेव्हाची, आणि त्या घटनेनंतर दोघींचं जास्त जमायला लागलं म्हणे. मग डॉक्टर बोगावत. दातांचे डॉक्टर, हसरे, गोल चेहऱ्याचे. त्यांची काळी कुळकुळीत इलेक्ट्रिक गिटार होती आणि बायकोनं मिक्सर लावला की ती आपोआप गुरगुरायची. “दोघींचं पटत नाही,” ते म्हणाले. आणखी दोघे-तिघे होते, त्यांच्याही गिटारींना काही ना काही दुखणं होतंच. कोणाची आवडती गिटार कोणती, असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या मांडीवरच्या गिटारकडेच बघायचा. माणसं बायकामुलांविषयी बोलतात त्यापेक्षा किती तरी खरं ही मंडळी आपल्या वाद्याविषयी बोलत होती. मला मजा वाटायला लागली होती.

माझी पाळी आली. मी म्हणाले, ही कलकत्त्याची गिटार, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. खोड काही नाही. मी ज्योत्स्ना भिंगारदिवे आणि मला वाजवता येत नाही.

“खोड नाही असं होत नाही,” मुळे साहेब हसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “आणा.”

त्या मंडळाची रीत अशी होती की नवं वाद्य आलं की ते गोलात सगळ्यांच्या हातून फिरायचं. प्रत्येकानं थोडं वाजवायचं आणि पुढं द्यायचं. नसीमनं मला हे सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसणार. बाप्तिस्म्याला आई बाळ पाळकांच्या हातात देते तशी मी ती गिटार दिली. मुळे साहेबांनी ती वाजवली नाही. उलटसुलट करून पाहिली, मधल्या भोकाशी नाक नेऊन लाकडाचा वास घेतला, मान डोलावली आणि पलीकडं दिली. मग मला विचारायला लागले, कुठून घेतली, कोणी घेतली, आत चिकटवलेली कंपनीची चिठ्ठी कधी फाटली. ह्यांच्याविषयी कोणी इतकं विचारून फार दिवस झाले होते. मी भडाभडा बोलत सुटले. आजूबाजूला कोणी ना कोणी तारा छेडत होतंच, तिकडं माझं लक्ष नव्हतं.

मग एकाएकी माझ्या गिटारचा आवाज आला आणि तो माझ्या गिटारचा नव्हता.

मी वळून पाहिलं. डॉक्टर बोगावतांनी ती मांडीवर घेतली होती. शेवटच्या खुंटीवरून त्यांचा हात नुकताच निघत होता. त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि दोघे-तिघे एकदम “वा” म्हणाले.

“काय केलंत तुम्ही?” मी उठून उभी राहिले होते.

“ट्यून केली,” ते म्हणाले. “फार उतरली होती, बाई.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

ते माझ्याकडं बघतच राहिले. कोणी सांगायचं काय त्यात? जेवायला बसण्याआधी आपण हात धुतो तसा तो प्रकार होता. गिटार हातात आली की आधी सूर बघायचा आणि उतरला असेल तर लावायचा. त्या वर्गात बसलेल्या कोणीही तेच केलं असतं आणि केल्याचं त्याच्या लक्षातही आलं नसतं. हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या तोंडून काय काय गेलं ते मला नीट आठवत नाही. मी त्यांना सांगितलं की तो सूर माझ्या नवऱ्यानं मरायच्या आदल्या संध्याकाळी लावला होता, आणि मी तो एवढी वर्षं जपला होता, आणि तुम्ही तो दोन मिनिटांत पुसून टाकलात. माझा आवाज वर्गात ओरडायचा तसा चढला होता. नसीम माझा दंड धरून उभी होती.

डॉक्टर बोगावत पांढरे पडले. त्यांनी गिटार मांडीवरून उचलून दोन्ही हातांवर आडवी धरली. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

“कसा होता तो?” मुळे साहेबांनी विचारलं. “सूर. कसा होता आठवतं?”

“मला गाता येत नाही.”

“गाऊ नका. तो ऐकला तर ओळखाल?”

मी म्हणाले, झोपेतही ओळखेन.

मग जे झालं त्याला तासभर तरी लागला असेल. डॉक्टर एकेक तार सैल करायचे आणि वाजवायचे. मी म्हणायचे, अजून खाली. अजून. नाही, आता फार झालं, किंचित वर. जाड्या तारेपासून सुरुवात केली. ती बरीच खाली गेली. दुसरी त्याहून कमी. तिसरी तर अगदी थोडी. मला सुरातलं काही कळत नाही, शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायचे, पण ह्या सहा तारांचं मला सगळं कळत होतं. एका तारेवर डॉक्टर म्हणाले, इथंच असेल. मी म्हणाले, नाही. त्यांनी केसभर फिरवली आणि मी म्हणाले, हां. कोणीतरी खालून चहा सांगितला होता, तो तसाच गार झाला. इतर सगळ्यांनी आपापल्या गिटारी खाली ठेवल्या होत्या.

सहावी तार झाली. डॉक्टरांनी अंगठा सगळ्या तारांवरून हळूच फिरवला.

तोच आवाज. रोज सकाळचा.

“हाच,” मी म्हणाले आणि खाली बसले.  डॉक्टर बोगावतांनी कपाळ पुसलं. नसीम रडत होती आणि हसत होती. मी डॉक्टरांना म्हणाले, रागाच्या भरात फार बोलले, मनावर घेऊ नका. ते म्हणाले, छे, बाई, तुम्ही बोललात म्हणून सुटलो.

मुळे साहेब मात्र अजून त्या तारांकडंच बघत होते. त्यांनी आपली ती भलीमोठी गिटार उचलली, कान जवळ नेऊन एक तार छेडली, मग डॉक्टरांना माझ्या गिटारची तीच तार छेडायला सांगितली. मग दुसरी. प्रत्येक वेळी आपल्या गिटारवर बोट थोडं पुढं-मागं करून ते काही तरी जुळवून बघत होते. सहाही तारा झाल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

“भिंगारदिवे एकटेच वाजवायचे का?” त्यांनी विचारलं.

“घरी एकटेच. पण घरी कमी. चर्चमध्ये दर रविवारी.”

“तिथं बरोबर कोण असायचं?”

“पेटी असायची. रत्नमालाबाई वाजवायच्या.”

“दर वेळी पेटी?”

“पेटीशिवाय कशी होईल उपासना?” मी म्हणाले. ह्यांना कौतुकच होतं त्याचं. रत्नमालाबाई आधी एक सूर धरायच्या आणि हे त्यांच्याकडं बघून मान हलवायचे, जुळलं म्हणून.

मुळे साहेबांनी नसीमकडं पाहिलं. नसीमनं अगदी बारीक मान हलवली. नका, अशी. ती मला दिसली. मी जन्मभर वर्गाकडं पाठ करून फळ्यावर लिहिलंय, मागं कोण काय खुणा करतं ते मला न बघता दिसतं.

“काय आहे ते सांगा,” मी म्हणाले.

“जाऊ द्या, बाई. तुम्हाला हवा तो सूर मिळाला.”

“मुळे साहेब, सांगा.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पेटीचा सूर जिथल्या तिथं असतो. तो आपल्याला हलवता येत नाही, गिटारनंच तिच्याशी जुळवून घ्यायचं. आणि ह्या तारा...” ते थांबले. “ह्या पेटीशी जुळणार नाहीत, बाई. एकमेकींशीसुद्धा जुळत नाहीत. कोणी मुद्दाम असा सूर लावणार नाही.”

पहिल्यांदा मला वाटलं की मुळे साहेब ह्यांना नावं ठेवताहेत. मी तसं म्हणणारही होते. मग त्यांचा चेहरा पाहिला.

“मग हा सूर कोणाचा?” मी विचारलं.

“कोणाचाच नाही. ठेवून दिली की तारा आपोआप उतरत जातात. उन्हाळ्यात लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं. रोज थोडं थोडं. इतकं थोडं की रोज ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही.”

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी डॉक्टरांच्या मांडीवरच्या गिटारकडं बघत होते.

“म्हणजे मघाशी डॉक्टरांनी जो लावला...”

“तो तुमच्या मिस्टरांचा,” मुळे साहेब म्हणाले. “त्या शनिवारचा तोच असणार. दुसरा असूच शकत नाही.”

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला आधी राग आला, पण कोणाचा ते कळेना. मग लाज वाटली. मग एकदम फार भीती वाटली. ह्यांचा आवाज एवढ्या वर्षांनी माझ्या कानांवर आला होता आणि मी उठून उभी राहून हा ह्यांचा नाही म्हणून ओरडले होते. सूर जपायच्या नादात मी तो कधीच हरवून बसले होते आणि रोज सकाळी भलत्याच कशाला तरी दिवसाची सुरुवात करायला लावत होते. आता पुन्हा ऐकला आणि पुन्हा ओळखला नाही तर? तर मग ह्यांचं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. असंच ठेवून घरी जावं, असं एक क्षण वाटलं. ते सोपं होतं. सकाळी अंगठा फिरवायचा आणि झालं.

“वर घ्या,” मी डॉक्टरांना म्हणाले.

“नक्की?” त्यांनी विचारलं. “नंतर मला रागवाल.”

“रागवले तर रागवले. घ्या वर.”

त्यांनी जाड्या तारेपासून सुरुवात केली. या वेळी मी काहीच बोलले नाही. एकेक तार चढत गेली, मुळे साहेब आपल्या गिटारवर सूर धरून बसले होते. पाच झाल्या. सहावी, सगळ्यांत बारीक, डॉक्टरांनी अगदी जपून फिरवली, पण ती जुनी होती, गंजलेली होती आणि एका दिवसात तिनं फार सोसलं होतं. टण्ण झालं आणि ती तुटून डॉक्टरांच्या मनगटावर गुंडाळली गेली.

 ती तार ह्यांनी स्वतः बसवलेली होती, हे मी मघाशी भडाभडा बोलताना सगळ्यांना सांगून बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. मनगट लाल झालेलं, ते तसंच धरून ते खाली मान घालून बसले.

“लागलं का फार?” मी विचारलं.

“नाही.”

“मग दुसरी घाला,” मी म्हणाले. “तुमच्यापैकी कोणाजवळ तरी असेलच.”

एक सोडून तीन जणांनी पिशव्यांत हात घातले. मुळे साहेबांची तार घेतली. ती बसवून, ताणून, पुन्हा ताणून जागेवर यायला वेळ लागला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर दिवे लागत होते. डॉक्टरांनी मागून विचारलं, कसं वाजवू, मघासारखं का? मी पाठमोरीच म्हणाले, नाही. हे सूर लावून झाला की शेवटी जाड्या तारेपासून एकेक तार सावकाश वाजवायचे, मधे थांबून. घाई करायचे नाहीत.

त्यांनी तशी वाजवली.

पहिल्या दोन तारांना मला काही वाटलं नाही. तिसऱ्या तारेला कांद्याचा वास आला. खरंच आला. मी ओट्याशी कांदा चिरते आहे, डोळ्यांतून पाणी येतंय, दारात स्टुलावर बसून हे सारखं तेच तेच टुणटुण करताहेत आणि मी म्हणतेय, अहो, झालं नाही का अजून, तुमचा तो देव एवढा कानाचा तिखट आहे का? आणि हे तोंड वर न करता म्हणताहेत, देवाचं माहीत नाही, रत्नमालाबाई आहेत. हे बोलणं मी विसरले होते. ह्यांचं बोलणं, ते वाक्य, ते म्हणतानाचा त्यांचा तो दबका खोडकर स्वर, सगळं साफ विसरले होते. पुढच्या तारा वाजत गेल्या आणि मी खिडकीचा गज धरून तिथंच रडले. किती वेळ ते मला माहीत नाही. कोणी जवळ आलं नाही हे बरं केलं.

मी परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा डॉक्टरांनी गिटार माझ्यापुढं धरली.

“हा किती दिवस राहील असा?” मी विचारलं.

“नवी तार आहे, ती उद्याच उतरेल. बाकीच्या आठवडाभर. पुढच्या रविवारी आणा, मी लावून देतो.”

“दर रविवारी तुमच्यापुढं घेऊन बसू?”

“चालेल की.”

“नाही चालणार,” मी म्हणाले. “मला शिकवा. वाजवायला राहू द्या. सूर लावायला शिकवा.”

मुळे साहेब म्हणाले, लोक उलट मागतात. पण त्यांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली आणि स्वतःची गिटार मांडीवर घेतली. डॉक्टरांनी गिटार माझ्या मांडीवर नीट बसवली, माझा डावा हात धरून वर नेला आणि खुंट्यांवर ठेवला. थंड होत्या त्या. एवढी वर्षं धूळ पुसतानाही मी फडकं त्यांना अलगद लावायचे, चुकून फिरतील म्हणून. मग डॉक्टरांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून जाड्या तारेची खुंटी मुद्दाम उलटी फिरवली. तार ढिली पडली, तिचा आवाज घोगरा झाला. 

“आता तुम्ही आणा जागेवर,” ते म्हणाले आणि त्यांनी आपला हात काढून घेतला.

मुळे साहेब आपली तार वाजवून सूर धरणार होते. मी मानेनंच त्यांना नको म्हटलं. तार छेडत, ऐकत, मी खुंटी हळूहळू फिरवत गेले, आणि जिथं हे थांबले असते तिथं थांबले.